एकाच विषयाचा हट्ट

दहावीचा निकाल लागला की बुऱ्हाणपुरातल्या आमच्या राजपुऱ्यात मुलाला पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘गणित की बायो?’ उरलेल्यांसाठी कॉमर्स आणि त्यातूनही उरलेल्यांसाठी आर्ट्स. बारावीनंतर तोच प्रश्न आणखी बारीक होऊन परत येतो. कापडाचा व्यापारी, केळीचा बागायतदार, निवृत्त मास्तर आणि स्पर्धा परीक्षांचा क्लासवाला यांचे बुऱ्हाणपुरात एरवी कशावरही जमत नाही. या एका बाबतीत मात्र चौघांचे एकमत असते. एक विषय धरावा, लवकर धरावा आणि बाकीच्यांवर पाणी सोडावे. चार विषयांत रमणाऱ्या मुलाकडे इथे काळजीने पाहिले जाते, एखाद्याला बारीक ताप यावा तसे.

या मताचा मला प्रतिवाद करायचा आहे. मत चुकीचे आहे, पण मूर्खपणाचे नाही. म्हणून शास्त्रार्थाच्या जुन्या रीतीप्रमाणे पूर्वपक्ष आधी मांडतो, आणि शक्य तितक्या त्याच्या बाजूने.

पूर्वपक्ष म्हणतो : ज्ञान अफाट आहे आणि आयुष्य तोकडे. एखाद्याला ‘रसायनशास्त्र येते’ असे म्हणण्याचे दिवस गेले. त्यातल्या एका उपशाखेत एका वर्षात निघणारे निबंधही आज कोणाला वाचून संपवता येत नाहीत. अशा काळात जो चार ठिकाणी हात घालतो तो कुठल्याच तळाला पोहोचत नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. शिवाय पदवी पोटासाठी घ्यायची असते. नोकरी देणारा ‘तुला काय काय ठाऊक आहे’ असे विचारत नाही, ‘तुला नेमके काय करता येते’ असे विचारतो. चार पॉवरलूमवर घर चालवणाऱ्या बापाने मुलाच्या कुतूहलाचा खर्च का उचलावा? व्यापक शिक्षण ही भरल्या पोटाची चैन आहे. आणि तुम्ही आंबेडकरांचे, कोसंबींचे नाव घ्याल, तर ते अपवाद होते. अपवादांवरून अभ्यासक्रम आखत नाहीत.

पूर्वपक्षाचा शेवटचा मुद्दा सगळ्यांत टोचणारा आहे. व्यापकतेचा प्रयोग होऊन गेला आहे, असे तो म्हणतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० चे. मध्य प्रदेशाने ते पदवीच्या वर्गांना २०२१-२२ पासूनच लागू केले. देशात सर्वांत आधी ते उचलणाऱ्या राज्यांत आपण होतो. मुख्य विषय, गौण विषय, मुक्त निवडीचा विषय, व्यावसायिक विषय, आधार पाठ्यक्रम अशी सगळी ताटे वाढून झाली. इतिहासाच्या मुलाने जैविक शेतीची परीक्षा दिली, वाणिज्याच्या मुलीने व्यक्तिमत्त्व विकासाची. कोण व्यापक झाले? मुलांनी ‘सर, सोपा कोणता?’ एवढेच विचारले आणि गाईड आणून पास झाली.

हा पूर्वपक्ष. यात मी काही हातचे राखले आहे असे वाचकाला वाटले तर त्याने मला दोषी धरावे. आता उत्तरपक्ष.

या मताच्या मागे, नाव न घेताच, ॲडम स्मिथ उभा आहे. १७७६ च्या ग्रंथात त्याने टाचण्यांच्या कारखान्याचा दाखला दिला. काम वाटून घेतले तर दहा माणसे दिवसाला ४८,००० टाचण्या करतात. एकट्याने सगळे केले तर वीससुद्धा होणार नाहीत. श्रमविभागणीचा यापेक्षा जोरदार दाखला अर्थशास्त्रात नाही, आणि तो खोटाही नाही. पण याच ग्रंथाच्या पाचव्या भागात स्मिथ सांगतो की ज्याचे सारे आयुष्य दोन-चार साध्या क्रिया करण्यात जाते त्याची बुद्धी गंजते आणि तो माणूस म्हणून होता येईल तितका अज्ञानी होतो. म्हणून सरकारने शिक्षणाची सोय केली पाहिजे. स्वतः स्मिथ ग्लासगोला आधी तर्कशास्त्र आणि मग नीतितत्त्वज्ञान शिकवत होता, वक्तृत्वावर आणि न्यायशास्त्रावर व्याख्याने देत होता, आणि खगोलशास्त्राच्या इतिहासावरचा त्याचा निबंध मरणोत्तर छापला गेला. टाचण्या पहिल्या प्रकरणात आहेत, इशारा पाचव्या भागात. आमची मंडळी पहिल्या प्रकरणानंतर पुस्तक मिटतात.

टाचणी आणि ज्ञान यांतला भेदही पाहावा. तार ओढणाऱ्याला आणि टोक घासणाऱ्याला, दोघांनाही तयार टाचणी कशी दिसते ते ठाऊक असते. विद्येत शेवटी काय हाती लागणार ते कोणालाच ठाऊक नसते. काम वाटायचे तर आधी काम काय आहे ते कळावे लागते. ते कोण ठरवणार?

हे हवेतले बोलणे नाही. आपल्याच गावात चला. गांधी चौकातल्या जामा मशिदीत आपण सगळेच गेलो आहोत. फारुकी घराण्यातल्या आदिलशाहाने, म्हणजे राजा अली खानाने, ती बांधली. आत भिंतीवर अरबीच्या सोबतीने देवनागरीत एक संस्कृत लेख कोरलेला आहे. तो सृष्टिकर्त्याला नमन करतो, फारुकी राजांची वंशावळ सांगतो आणि बांधकामाचा काळ देतो : विक्रम संवत १६४६, शके १५११, पुढे तिथी-नक्षत्रही. इसवी सनाच्या हिशेबाने हे १५९० साल. दहा-अकरा वर्षांनी अकबराने असीरगड घेतला, त्याची नोंद करणारा फारसी लेखही याच मशिदीत आहे.

आता मला सांगा, हा संस्कृत लेख विद्यापीठातल्या कोणत्या विभागाचा? संस्कृतच्या पदवीधराला विभक्ती लागेल, पण फारुकी कोण आणि खानदेशात कुठून आले हे त्याला कोणी शिकवलेले नाही. इतिहासाच्या पदवीधराला फारुकी ठाऊक असतील, पण त्याची गाठ इंग्रजी किंवा हिंदी भाषांतराशी. मूळ ओळ त्याच्यासमोर मुकी आहे. दिलेली तिथी आणि शक एकमेकांशी जुळतात का हे पडताळणे दोघांच्याही आवाक्याबाहेरचे. ज्याला ते गणित जमेल तो गणिताच्या वर्गात आहे, आणि मशिदीच्या भिंतीवर आपल्यासाठी काही काम आहे याची त्याला कल्पनाही नाही. सोळाव्या शतकातला सुलतान मशिदीत शक, संवत आणि तिथी का कोरून घेतो, हा खरा प्रश्न तर तिघांच्याही अभ्यासक्रमात नाही. एकेका विषयात तिघेही उत्तीर्ण आहेत. लेख तिथेच आहे.

पूर्वपक्ष लगेच म्हणेल : मग तिघांना एकत्र बसवा! प्रत्येकाने आपापला विषय खोल जाणावा आणि मिळून काम करावे. संघ हेच उत्तर, एका डोक्यात तीन विषय कोंबण्याची गरज नाही.

हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो, कारण हे घडून गेलेले आहे. तेही मध्य प्रदेशातल्याच दगडांवर, आणि त्यातला एक भिडू मराठी होता.

एकोणिसाव्या शतकात गुप्त राजांचे कोरीव लेख भराभर सापडत होते. त्यांत वर्षे होती, पण ती गुप्तांच्या स्वतःच्या संवताची. तो संवत सुरू कधी झाला, यावर विद्वानांची मते दीडशेहून अधिक वर्षांनी फाकलेली होती. एवढ्या अंतराने एक अख्खे साम्राज्य मागे-पुढे सरकते. कालिदासाचा काळ, हूणांची स्वारी, सगळेच डळमळते. जॉन फेथफुल फ्लीट हा मुंबई इलाख्यातला मुलकी अधिकारी या प्रश्नाला भिडला. मंदसोरच्या लेखाने त्याला एक धागा दिला, कारण त्यात गुप्त सम्राटाचे नाव आणि मालव संवताचे वर्ष एकाच दगडावर होते. पण खुंटा पक्का बसला तो सागर जिल्ह्यातल्या एरणच्या स्तंभावरून. बुधगुप्ताच्या काळातल्या त्या लेखात वर्ष आहे १६५, तिथी आषाढ शुद्ध द्वादशी आणि वार गुरुवार.

वार! सगळी किल्ली त्या वारात होती. संवताचा आरंभ अमुक वर्षी धरला, तर त्या हिशेबाने येणाऱ्या आषाढ शुद्ध द्वादशीला गुरुवार पडतो का? पडत नसेल तर तो आरंभ बाद. पण दीड हजार वर्षांपूर्वीच्या तिथीचा वार काढणे म्हणजे सूर्य आणि चंद्र यांची स्थिती जुन्या सिद्धान्तग्रंथांच्या रीतीने मांडत जाणे. फ्लीटला ते येत नव्हते. ते आले शंकर बाळकृष्ण दीक्षित यांना.

दीक्षित कोकणातल्या मुरुडचे, जन्म १८५३ चा. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजातून बाहेर पडले आणि शिक्षणखात्यात मास्तरकी केली. विद्यापीठाच्या पदवीची पायरी चढले नाहीत. त्यांनी गणित करून दाखवले : संवताचा आरंभ इसवी सन ३१९-२० धरला तर एरणच्या लेखाची तिथी २१ जून ४८४ रोजी येते, आणि तो गुरुवारच आहे. फ्लीटच्या १८८८ च्या गुप्त लेखसंग्रहात ही गणिते दीक्षितांच्या नावाने छापली गेली. गुप्तकाळ त्या खुंट्याला बांधला गेला, तो आजवर तिथेच आहे. आठ वर्षांनी, १८९६ मध्ये, दीक्षितांचा भारतीय ज्योतिषशास्त्राचा मराठी इतिहास निघाला, आणि त्याच वर्षी रॉबर्ट सेवेलबरोबर केलेला भारतीय पंचांगाचा इंग्रजी ग्रंथही. दोनच वर्षांत ते वारले. पंचेचाळिशीत.

पूर्वपक्ष म्हणेल, पाहा, हे आमचेच उदाहरण. एक पुराभिलेखाचा तज्ज्ञ, एक गणिताचा. मिळून काम केले आणि प्रश्न सुटला.

थांबा. फ्लीटला गणित येत नव्हते, पण पंचांगात वार आणि तिथी यांचे नाते काय असते हे त्याला ठाऊक होते. नसते तर ‘गुरुवार’ हा शब्द त्याने वाचला असता आणि पुढे गेला असता. आपल्याला काय विचारायचे आहे आणि ते कोणाला विचारायचे आहे, एवढे त्याला कळत होते. आणि दीक्षित? ते निव्वळ गणिती असते तर सिद्धान्तग्रंथांचे संस्कृत त्यांना बंद राहिले असते. निव्वळ संस्कृत पंडित असते तर युरोपीय खगोलशास्त्राशी ताळा घेता आला नसता. कोणत्या काळी कोणत्या प्रांतात महिना पौर्णिमेला संपत असे आणि कुठे अमावास्येला, गत वर्ष मोजत की चालू, ही इतिहासाची माहिती नसती तर बरोबर गणित करूनही उत्तर चुकले असते. एकाच्या रिंगणात दुसऱ्याचा पाय होता, म्हणून दोघे भेटले. ज्याला शेजारच्या विद्येचा गंधही नाही तो शेजाऱ्याचे दार कशासाठी वाजवेल? संघ हवाच. पण एकेका विषयात बंद असलेल्या माणसांचा संघ होत नाही. नुसती बैठक होते.

मंदसोरच्या त्या शिलालेखाबद्दल जाता जाता एक. तो कोरवून घेतला होता रेशीम विणणाऱ्यांच्या श्रेणीने. गुजरातेतल्या लाट देशातून दशपुरात येऊन वसलेले हे साळी. त्यांनी सूर्याचे देऊळ बांधले आणि त्याची कहाणी दगडावर घातली. त्यांच्यातले काही धनुर्विद्येत निपुण झाले, काही कथाकथनात, काही ज्योतिषात, आणि काही आपल्या विणकामातच राहिले, असे तो लेख अभिमानाने सांगतो. मागावरच्या माणसांना ज्योतिष कशाला, असे पाचव्या शतकातल्या मंदसोरात कोणी विचारले नसावे. विणकरांच्या आमच्या गावात ते आज विचारले जाते.

आता अपवादाचा आणि चैनीचा मुद्दा. दोन्ही एकदम घेतो, कारण एकच माणूस दोहोंना उत्तर आहे.

भीमराव आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची. परत येऊन संस्थानची नोकरी करण्याचा करार. मागे मुंबईत चाळीतला संसार. वेळ वाया घालवणे ज्याला अजिबात परवडणार नव्हते असा हा विद्यार्थी. त्याचा मुख्य विषय अर्थशास्त्र. आपल्याकडचा सल्लागार त्याला काय म्हणाला असता ते सांगायला नको. त्याने काय केले? तिथे घेतलेल्या पाठ्यक्रमांची नोंद उपलब्ध आहे : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन प्रत्येकी एक. बेरीज साठ. जवळपास निम्मे एका विषयात, निम्मे बाहेर.

हे प्रमाण वाचकाने नीट पाहावे. ही चिंध्यांची बेरीज नव्हे. एका विषयात २९ पाठ्यक्रम ही आपल्या देशातल्या कोणत्याही ‘स्पेशल’ पदवीपेक्षा जास्त खोली आहे. आणि ‘बाहेरच्या’ निम्म्यातून काय निघाले? ९ मे १९१६ रोजी त्यांनी भारतातल्या जातींच्या उत्पत्तीवरचा निबंध वाचला तो अर्थशास्त्राच्या वर्गात नव्हे, गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात. चार पाठ्यक्रमांच्या गौण विषयात! पुढल्या वर्षी तो ‘इंडियन ॲन्टिक्वेरी’त छापून आला, आणि जातीविषयी गंभीरपणे लिहिणाऱ्याला आजही तो टाळता येत नाही. खोलीचे काय झाले म्हणाल, तर १९२३ मध्ये लंडनला रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाने डी.एस्सी. मिळाली, आणि पुढे चलनविषयक शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. व्यापकतेने अर्थशास्त्र पातळ झाले असे कोणी म्हणून दाखवावे.

ही चैन होती का? ज्याचे पोट भरलेले आहे त्याला एकाच विषयाचा जुगार परवडतो, कारण हरला तर घरचे दुकान आहे. ज्याच्या हातात एकच डाव आहे त्याने सगळे एका पत्त्यावर लावावे, हा सल्ला कोणत्या हिशेबाने शहाणपणाचा?

‘पण ते आंबेडकर होते.’ कबूल. त्यांची प्रज्ञा अभ्यासक्रमाने दिली नव्हती. दामोदर धर्मानंद कोसंबींचीही नव्हती. त्या गणितज्ञाने तक्षशिलेची आहत नाणी तराजूत तोलली, फिरून फिरून झिजलेल्या नाण्यांच्या वजनाला संख्याशास्त्र लावले आणि त्यांचा क्रम लावायची रीत काढली. पण अपवादाचा युक्तिवाद दोन्हीकडून कापतो. असामान्य बुद्धीच्या माणसाला कोणताही अभ्यासक्रम चालतो. तो अडथळ्यातूनही वाट काढतो. शेजारच्या विषयाचे दार मुद्दाम उघडून द्यावे लागते ते सामान्य विद्यार्थ्याला. दीक्षितांकडे ना कोलंबिया होते, ना केंब्रिज. होते ते ट्रेनिंग कॉलेज, आणि विषयांच्या भिंती अजून पुरत्या बांधून न झालेला काळ. अपवादांनी भिंत ओलांडली म्हणून इतरांसाठी ती उंच ठेवायची, हे तर्कशास्त्र माझ्या डोक्यात शिरत नाही.

पोटाचा मुद्दा राहिला. तो मी हसण्यावारी नेणार नाही.

लवकर विषय धरल्याने नोकरी लवकर आणि नेमकी मिळते, हे गृहीत तपासून पाहण्याची सोय इतिहासाने एका ठिकाणी करून ठेवली आहे. इंग्लंड आणि स्कॉटलंड. देश एकच, नोकऱ्यांचा बाजार बव्हंशी एकच. पण इंग्लंडमध्ये विद्यार्थ्याला विद्यापीठात शिरण्याआधीच विषय ठरवावा लागतो, तर स्कॉटलंडमध्ये पहिली दोन वर्षे तो अनेक विषय शिकतो आणि मग एक निवडतो. ओफर मालामुद या अर्थशास्त्रज्ञाने दोन्हीकडच्या पदवीधरांची तुलना केली. लवकर विषय धरणाऱ्या इंग्लंडमधल्या पदवीधरांत आपल्या पदवीशी संबंध नसलेल्या व्यवसायात जाण्याचे प्रमाण स्कॉटलंडपेक्षा अधिक निघाले. म्हणजे लवकर निवडण्यात वाचलेला वेळ पुढे निवड बदलण्यात गेला, आणि बदलताना आधीची नेमकी कौशल्ये मागे टाकावी लागली. कारण उघड आहे. आपल्याला काय जमते हे चाखून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि सतराव्या वर्षी कोणी काय चाखलेले असते?

आपल्याकडे तर निवड चाखण्यावर नसतेच, टक्केवारीवर असते. मुलगा ‘बायो’ घेतो ते जीवशास्त्राच्या ओढीने नव्हे, गणितात गुण कमी पडले म्हणून. यालाच आपण स्पेशलायझेशन म्हणायचे? हा गाळणीचा धंदा झाला.

इथल्याच बाजाराकडे पाहा. वाणिज्याच्या पदवीधरांनी व्हॅटच्या नोंदी तोंडपाठ केल्या होत्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि ते कौशल्य एका रात्रीत रद्दीत गेले. तरले कोण? ज्यांना करामागचे तत्त्व कळत होते, आणि ज्यांना सूत, ग्रे कापड, प्रोसेसिंग, जॉबवर्क या साखळीत माल कुठे हात बदलतो ते ठाऊक होते. ते ज्ञान वाणिज्याच्या पुस्तकात नव्हते. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत आपल्या जिल्ह्याच्या वाट्याला केळी आली आहे. केळीवर पोट असणाऱ्याला विषाणू समजावा लागतो, भूजल समजावे लागते, दिल्लीच्या मंडीचा भाव समजावा लागतो आणि पीकविम्याची अट वाचता यावी लागते. सीएमव्ही या विषाणूमुळे बाग उपटून टाकावी लागलेल्या शेतकऱ्याला विचारा, यातला कोणता विषय त्याला सोडून देता आला असता.

तरीही पूर्वपक्षाचा शेवटचा मुद्दा उभाच आहे, आणि त्याच्यापुढे मी अर्धा नमतो. २०२१ नंतरच्या पदवीत व्यापकतेच्या नावाने जे झाले ते बऱ्याच ठिकाणी थट्टेचे आहे. माझ्या ओळखीच्या एका महाविद्यालयात गौण विषय मुलांनी निवडला नाही, वेळापत्रकाने निवडला : ज्या तासाला वर्ग मोकळा आणि अतिथी विद्वान हजर, तो विषय. व्यावसायिक विषयाची परीक्षा झाली, तास फारसे झाले नाहीत. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, अतिथी विद्वानांची दरवर्षी नव्याने होणारी काळजी, आणि त्यावर विषयांची एवढी मोठी टोपली.

पण यातून सिद्ध काय होते? वाईट शिकवलेली व्यापकता वाईट, एवढेच. वाईट शिकवलेले एकविषयी शिक्षण काय मोठे चांगले होते? आणि मुळात, ज्या ‘एका विषयाच्या’ सुवर्णयुगाची आठवण काढली जाते ते मध्य प्रदेशात होते तरी कधी? आपल्या जुन्या बी.ए.त तीन विषय सारख्या वजनाने असत, बी.एस्सी.त भौतिक-रसायन-गणित नाहीतर रसायन-वनस्पती-प्राणी. तिसऱ्या वर्षी एक विषय ‘स्पेशल’ घेण्याची पद्धत शेजारच्या महाराष्ट्रातली. तीन वर्षांच्या पदवीने कोणी तज्ज्ञ होत नाही, ना तिकडे, ना इकडे. तज्ज्ञता एम.ए. नंतर, पीएच.डी.त, कामाच्या दहा वर्षांत येते. पदवीला जी खोली देता येतच नाही तिच्यासाठी, जी रुंदी देता येते ती का बुडवायची?

टोपलीवरचा माझा आक्षेप पूर्वपक्षाच्या नेमका उलट्या दिशेचा आहे. ती फार रुंद आहे म्हणून मी तक्रार करत नाही. ती रुंदच नाही. पाच विषयांची पाच प्रास्ताविके वाचली की व्यापकता येते, हा भ्रम एकविषयी हट्टाइतकाच घातक आहे. प्रत्येक विषयाची पहिली पन्नास पाने सारखीच असतात : व्याख्या, व्याप्ती, महत्त्व. दुसरा विषय कामाचा होतो तो तिथून पुढे, जिथे त्याच्या हत्याराने एखादे काम स्वतःला पार पाडता येते. संस्कृत घेतले तर एक खरा लेख कोशाच्या मदतीने लावता आला पाहिजे. संख्याशास्त्र घेतले तर मंडीच्या वर्षभराच्या भावांतून काहीतरी सिद्ध किंवा असिद्ध करता आले पाहिजे. आंबेडकरांनी मानववंशशास्त्राचे चारच पाठ्यक्रम घेतले, पण त्यांत स्वतःचा निबंध उभा केला. म्हणून माझी मागणी पाच विषयांची नाहीच. दोन पुरेत. एक मुख्य, आणि एक त्याच्यापासून लांबचा, हत्यार हातात येईपर्यंत शिकलेला.

हे छोट्या गावातल्या, अपुऱ्या शिक्षकांच्या महाविद्यालयाला जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मी कुंडी भंडाऱ्याकडे बोट दाखवतो. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, तबकुतुल अर्ज या इराणी जाणकाराने सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी, निव्वळ उताराच्या बळावर, शहरात आणले. शंभरावर कुंड्या. पंप नाही, इंजिन नाही. आज त्यांच्या भिंतींवर क्षारांचे थर चढतात, वरच्या अंगाला केळीसाठी बोअर खोल जात आहेत, आणि आपण पाहुण्यांना तिथे फोटो काढायला नेतो. त्या थरांचा नमुना महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तपासता येतो. कुंडीमागून कुंडीची पातळी गणिताच्या मुलांना साध्या उपकरणांनी मोजता येते. फारसी आणि उर्दू नोंदी वाचणारी घरे या शहरात अजून आहेत, आणि कोणत्या शिवारात कोणाचा बोअर किती फुटांवर गेला हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला दोन महिन्यांत लिहून काढता येईल. एका सत्राचा गौण विषय इथे तयार आहे. त्यासाठी भोपाळहून नवी जागा मंजूर करून आणावी लागत नाही. रसायनाच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनी आठवड्यातला एक तास एकाच वर्गात शिकवावा लागतो, आणि त्याचे गुण दोन्ही विषयांत धरावे लागतात.